क्वाडची वीज : जमा, खर्च आणि शिल्लक

किक मारून सुरू होणाऱ्या जुन्या स्पोर्ट क्वाडचे, म्हणजे रस्त्याबाहेर पळवायच्या चारचाकीचे, सीट उचलले, तर तिथे बॅटरी सापडत नाही. गाडी मात्र सुरू होते, दिवे लागतात आणि वाळूच्या टेकड्यांवर दिवसभर पळते. ते पाहून दोन प्रश्न हमखास पडतात. बॅटरी नसताना ही गाडी चालते कशी? आणि अशा गाडीला बॅटरी बसवायची असेल, तर ती आणून दोन वायरी जोडल्या की भागते का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट समजले, की दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ का आहे हे आपोआप कळते.

या प्रकरणात यामाहाची बॅनशी ३५० ही गाडी उदाहरण म्हणून घेतली आहे. ३४७ सीसीचे, दोन सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे टू-स्ट्रोक इंजिन असलेली ही क्वाड १९८७ मध्ये बाजारात आली आणि अमेरिकेत २००६ पर्यंत विकली गेली. होंडाची टीआरएक्स२५०आर आणि यामाहाचीच छोटी ब्लास्टर या गाड्याही त्याच घराण्यातल्या : वजन कमी, किक स्टार्ट, बॅटरीला फाटा.

१. बॅटरीशिवाय ठिणगी

इंजिनाच्या एका बाजूला, क्रँकच्या टोकावर एक जड, वाटीसारखे चाक असते. त्याच्या आतल्या कडेला चुंबक बसवलेले असतात. फ्लायव्हील हे त्याचे पुस्तकी नाव; गॅरेजमध्ये त्याला नुसते ‘मॅग्नेट’ म्हणतात. या वाटीच्या पोकळीत एक स्थिर प्लेट असते आणि तिच्यावर तांब्याच्या तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, बसवलेल्या असतात. ही प्लेट म्हणजे स्टेटर. चुंबक फिरला की कॉइलमध्ये वीज निर्माण होते. सायकलच्या डायनॅमोत घडते तेच इथे घडते. फरक एवढाच, की इथे चाकाच्या जागी इंजिन फिरते.

स्टेटरवरच्या कॉइल एकाच कामाच्या नसतात. सोर्स कॉइल ठिणगीसाठी वीज देते. पल्सर कॉइल ठिणगी नेमकी कधी पडावी याचा इशारा देते. लाइट कॉइल दिव्यांना वीज पुरवते.

ठिणगीचे काम सीडीआय नावाची छोटी पेटी करते. सोर्स कॉइलकडून शंभराहून अधिक व्होल्टची वीज येते आणि पेटीतल्या कपॅसिटरमध्ये साठते. पल्सरचा इशारा मिळाला, की भरलेली कळशी एकदम उपडी करावी तशी ती सारी वीज इग्निशन कॉइलमध्ये ओतली जाते. तिथे तिचे व्होल्टेज हजारोंच्या घरात जाते आणि प्लगवर ठिणगी उडते. एका किकने मॅग्नेट पुरेसा फिरतो, म्हणून या साऱ्या साखळीत बॅटरीची गरज कुठेच पडत नाही.

म्हणूनच बॅटरी बसवताना पहिला नियम असा : ठिणगीच्या साखळीला हात लावायचा नाही. बॅटरी फक्त दिव्यांच्या बाजूला जोडायची. हा नियम पाळला, तर रानात कुठे बॅटरी बसली तरी गाडी किक मारून घरी येऊ शकते.

२. दिवा वरखाली का होतो?

लाइट कॉइलची वीज एसी असते, म्हणजे तिची दिशा सतत उलटसुलट होत राहते. तिचे व्होल्टेज इंजिनाच्या वेगावर ठरते. गाडी उभ्या जागी घुरघुरत असताना दिवा पिवळट, मलूल दिसतो आणि ॲक्सिलरेटर पिळला की पांढरा होतो. भारतात बॅटरीविना धावणाऱ्या मोपेड आणि जुन्या स्कूटर ज्यांनी वापरल्या, त्यांना रात्रीच्या खड्ड्यापुढे वेग कमी केला की दिवाही मंदावायचा, हा अनुभव आठवत असेल.

दुसऱ्या टोकालाही अडचण आहे. कॉइलची टोके मोकळी ठेवून इंजिन वेगात फिरवले, तर व्होल्टेज ४०-५० किंवा त्याहूनही वर जाऊ शकते. तेवढे आले तर १२ व्होल्टचा बल्ब क्षणात उडेल. म्हणून कंपनी या वायरीवर एसी रेग्युलेटर बसवते. तो व्होल्टेज साधारण १३-१४ च्या वर जाऊ देत नाही.

साध्या तारेच्या बल्बला एसी आणि डीसी दोन्ही सारखेच, कारण तार तापली की प्रकाश पडतो. एलईडी, मोबाइल चार्जर, जीपीएस यांना मात्र एकाच दिशेने वाहणारी, स्थिर वीज लागते. नव्या सामानाला जुनी वीज चालत नाही, तिथे बॅटरीचा विचार सुरू होतो.

३. रांजण आणि झरा

बॅटरी वीज तयार करत नाही, साठवते. अंगणातल्या रांजणासारखे तिचे काम. रांजण मोठा आणला म्हणून झऱ्याचे पाणी वाढत नाही. झरा रोज दहा घागरी देत असेल आणि घराला बारा लागत असतील, तर मोठा रांजण फक्त तुटवडा चार दिवस पुढे ढकलतो.

मग बॅटरीचा उपयोग काय? तो दुहेरी आहे. इंजिन मंद असताना किंवा बंद असताना साठ्यातून वीज मिळते, म्हणून दिवा मलूल होत नाही. आणि व्होल्टेजमधले धक्के बॅटरी पचवते, म्हणून नाजूक उपकरणे सुरक्षित राहतात.

बॅटरी आली म्हणून बटण-स्टार्ट मात्र येत नाही. त्यासाठी स्टार्टर मोटर, तिला क्रँकशी जोडणारे गिअर आणि इंजिनाने वेग घेतल्यावर मोटर सोडून देणारा एकदिशा क्लच लागतो. बॅनशीच्या इंजिनाच्या खोक्यात त्यांची सोयच केलेली नाही. गाडी बाहेर ओढून काढणाऱ्या विंचचेही तसेच. ओझे ओढताना ती १०० अँपिअरच्या पलीकडे वीज मागू शकते, आणि छोट्या लाइट कॉइलवर पोसलेल्या व्यवस्थेला ते झेपणारे नाही.

४. आधी हिशेब

अंथरूण पाहून पाय पसरायचे, तर अंथरूण आधी मोजावे लागते. यासाठी एकच सूत्र पुरते : वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. वॅट म्हणजे कामाचा जोर, व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, अँपिअर म्हणजे प्रवाह.

जमेची बाजू मोजायला महागडे यंत्र लागत नाही. मूळ दिव्यांच्या वायरी सोडवून, रेग्युलेटर जागेवर ठेवून, लाइट कॉइलच्या वायरीवर मोटारसायकलचे ३५ वॅटचे बल्ब एकेक करून जोडावेत. इंजिन नेहमीच्या धावण्याच्या वेगावर ठेवावे आणि मल्टिमीटर एसीवर लावून व्होल्टेज पाहावे. बल्ब वाढवत गेल्यावर ज्या क्षणी व्होल्टेज १२ च्या खाली घसरू लागते, तिथे कॉइलची ऐपत संपली. समजा दोन बल्ब नीट पेटले आणि तिसऱ्याला सगळेच मंदावले. म्हणजे कॉइल साधारण ७० वॅट देते.

एसीची डीसी करताना थोडी वीज उष्णतेत जाते. ती वजा करून हातात ६० वॅट राहतात असे धरू. मंद चालीत हातात २० वॅटच येतात असे मानू.

आता खर्च. १८ वॅटचे दोन एलईडी दिवे, म्हणजे ३६ वॅट. मागचा एलईडी दिवा ३ वॅट. फोन किंवा जीपीएस १० वॅट. एकूण ४९ वॅट. हॉर्न क्षणभर वाजतो, त्याला हिशेबात धरले नाही तरी चालते.

धावताना जमा ६०, खर्च ४९, शिल्लक ११ वॅट. चार्जिंगच्या १४ व्होल्टला भागल्यास बॅटरीत सुमारे ०.८ अँपिअर जातो.

मंद चालीत जमा २०, खर्च ४९, तूट २९ वॅट. १२.५ व्होल्टला भागल्यास बॅटरीतून सुमारे २.३ अँपिअर निघतो.

बॅटरी ५ अँपिअर-तासाची असेल, तर ती ५ अँपिअर एक तास किंवा १ अँपिअर पाच तास देऊ शकते, असा ढोबळ अर्थ. शिशाची बॅटरी पार रिकामी केली की तिचे आयुष्य घटते, म्हणून निम्मीच, म्हणजे २.५ अँपिअर-तास वापरायची. २.३ अँपिअरच्या तुटीला ही शिल्लक तासाभराहून किंचित जास्त पुरते. ती भरून काढायला मात्र ०.८ अँपिअरने तीन तासांहून अधिक धावावे लागते. चार्जिंगमधली घट धरली तर साडेतीन तास. मंद चालीत एक दिवा बंद ठेवला, तर तूट २९ वरून ११ वॅटवर येते आणि तीच शिल्लक जवळजवळ तीन तास टिकते. एका स्विचने झालेली ही बचत दुप्पट मोठ्या बॅटरीहून अधिक मोलाची आहे.

या यादीत रेडिएटरचा ५० वॅटचा पंखा घातला, तर खर्च ९९ वॅट होतो. मग धावतानाही तूट पडते आणि कितीही मोठी बॅटरी आणली तरी ती कधी ना कधी बसणारच. इलाज दोनच : खर्च कमी करणे, किंवा जास्त वीज देणारा स्टेटर बसवणे. बॅनशीसाठी असे स्टेटर बाजारात मिळतात.

५. अर्धी लाट, पूर्ण लाट

एसी वीज झोपाळ्यासारखी असते, एकदा पुढे, एकदा मागे. बॅटरी भरायला प्रवाह सतत एकाच दिशेने हवा. हे काम डायोड करतो. डायोड म्हणजे विजेसाठी एकाच बाजूला उघडणारे दार.

एकच डायोड लावला, तर पुढचा झोका आत येतो आणि मागचा दाराशी अडतो. हा अर्ध्या लाटेचा रेक्टिफायर. इंजिन न उघडता तो बसतो, पण बॅटरीला निम्मीच वीज मिळते. भारतातल्या १०० सीसीच्या अनेक मोटारसायकलींत वर्षानुवर्षे अशीच सोय होती : हेडलाइट थेट एसीवर, आणि बॅटरीला थोडीशी डीसी, जेणेकरून हॉर्न आणि इंडिकेटर चालावेत. नुसता मागचा एलईडी आणि फोन चालवायचा असेल, तर क्वाडलाही एवढे पुरते.

चार डायोड विशिष्ट पद्धतीने जोडले, तर मागचा झोकाही वळवून पुढच्याच दिशेला लावता येतो. हा पूर्ण लाटेचा रेक्टिफायर. यात कॉइलची जवळजवळ सगळी वीज कामी येते. गॅरेजमध्ये ‘हेडलाइट डीसी करून घेतला’ असे म्हणतात, तेव्हा बहुधा हेच काम केलेले असते. वरच्या हिशेबातले ६० वॅट मिळवायचे, तर हाच मार्ग धरावा लागतो. पण त्याआधी कॉइलमधला एक अडसर काढावा लागतो.

६. कॉइलचे टोक सोडवणे

बॅनशीसारख्या रचनेत लाइट कॉइलचे एक टोक वायरीतून बाहेर येते आणि दुसरे स्टेटरच्या लोखंडालाच डाग देऊन जोडलेले असते. लोखंड इंजिनाला आणि इंजिन चॅसिसला जोडलेले, म्हणजे ते टोक बॉडीला अर्थ झाले. साध्या बल्बसाठी हे सोयीचे, कारण एक वायर वाचते.

पूर्ण लाटेच्या रेक्टिफायरला मात्र हे चालत नाही. त्याची ऋण बाजूही बॉडीलाच जोडायची असते. मग एका झोक्यात वीज बॅटरीकडे नीट जाते, पण उलट्या झोक्यात कॉइलच्या अर्थ टोकातून निघालेला प्रवाह बॉडीतून आणि एकाच डायोडमधून थेट कॉइलच्या दुसऱ्या टोकाकडे परततो. बॅटरी वाटेत लागतच नाही. विहिरीतून उपसलेले पाणी पाटात न पडता परत विहिरीतच पडावे, तसा हा प्रकार. पाणी परत पडताना काही बिघडत नाही. इथे मात्र कॉइल आणि डायोड तापतात आणि शेवटी जळतात.

म्हणून ते टोक लोखंडापासून सोडवून, त्याला स्वतंत्र वायर जोडून बाहेर आणायचे. क्रम असा :

पहिल्यांदा वायरिंगचा नकाशा पाहून लाइट कॉइल आणि सोर्स कॉइल यांची ओळख पटवावी. वायरींचे रंग गाडीगणिक बदलतात, त्यामुळे नुसत्या रंगावर विसंबू नये.

मॅग्नेट काढायला त्याचा पुलरच वापरावा. हातोडीने ठोकल्यास क्रँक वाकतो किंवा चुंबक निखळतो. मॅग्नेटखालची अर्धचंद्राकृती चावी हरवू नये. तिच्यामुळेच मॅग्नेट क्रँकवर ठरल्या जागी बसतो.

स्टेटर प्लेट सैल करण्याआधी तिच्यावर आणि केसिंगवर मिळून एक रेघ ओढावी. प्लेटची जागा सरकली की ठिणगीची वेळ सरकते. रेघ जुळवून बसवली, तर वेळ पूर्वीसारखीच राहते.

लाइट कॉइलचे अर्थ टोक डाग वितळवून सोडवावे, उष्णता सोसणारी वायर जोडून पक्का डाग द्यावा, वर उष्णतारोधक स्लीव्ह चढवावी आणि वायर इपॉक्सीने बसवून टाकावी. मॅग्नेट आणि प्लेट यांमधली जागा फारच कमी असते. सैल वायर पहिल्याच फेरीत कापली जाते.

सोर्स कॉइलचे अर्थ टोक मात्र जागच्या जागी ठेवावे. काही स्टेटरवर दोन्ही कॉइलची अर्थ टोके एकाच ठिकाणी डागलेली असतात. तिथे घाईत दोन्ही सुटली, तर गाडी सुरूच होणार नाही.

शेवटी मल्टिमीटरने खात्री करावी. लाइट कॉइलच्या दोन वायरींमध्ये अगदी कमी रोध दिसायला हवा, बहुधा एका ओहमच्या आसपास. त्यातल्या प्रत्येक वायरीपासून लोखंडापर्यंत मात्र मीटरने ‘जोड नाही’ असेच दाखवले पाहिजे. थोडीही जोड दिसली, तर कुठे तरी वायर सोलली आहे असे समजावे.

७. जादा विजेची विल्हेवाट

मोटारीच्या आल्टरनेटरमध्ये चुंबकत्व विजेवर चालते. वीज कमी लागली की ते कमी करता येते. क्वाडच्या मॅग्नेटमध्ये कायमचे चुंबक असतात. ते फिरत राहतील तोवर वीज येतच राहणार, गरज असो वा नसो. म्हणून रेक्टिफायरसोबत रेग्युलेटर लागतो. दोन्ही एकाच पेटीत मिळतात आणि गॅरेजमध्ये तिला ‘आरआर युनिट’ म्हणतात.

ही पेटी दोन प्रकारची असते. शंट प्रकारात बॅटरी भरली की कॉइलची दोन टोके क्षणोक्षणी एकमेकांना जोडून वीज कॉइलमध्येच फिरवली जाते. हा प्रकार स्वस्त असतो, पण कॉइल आणि पेटी दोन्ही तापतात. सिरीज प्रकारात गरज नसताना वाट तोडली जाते. कॉइलमध्ये प्रवाहच वाहत नाही आणि ती थंड राहते. किंमत जास्त असली तरी जुन्या स्टेटरसाठी हा प्रकार चांगला.

निवडताना पेटी सिंगल फेजची, म्हणजे कॉइलच्या दोन वायरी घेणारी असावी. तीन वायरींची पेटी थ्री फेज स्टेटरसाठी असते. पेटी वारा लागेल अशा जागी, तिचे पंख चिखलाने भरणार नाहीत अशी बसवावी. मूळचा एसी रेग्युलेटर काढून टाकावा, आणि कॉइलच्या दोन्ही वायरी जुन्या दिव्यांच्या वायरिंगला कुठेही जोडलेल्या राहू देऊ नयेत. एकही जोड राहिली, तर मोठ्या मेहनतीने सोडवलेले टोक दिव्यामार्फत पुन्हा अर्थ होते.

८. कोणती बॅटरी, ठेवायची कुठे?

क्वाडमधल्या बॅटरीचा खरा शत्रू हादरे. शिशाच्या साध्या बॅटरीत आम्ल मोकळे असते. गाडी उलटली की ते सांडते आणि आदळआपटीत प्लेटांवरचा लेप झडतो. त्यामुळे सीलबंद एजीएम प्रकार घ्यावा. त्यात काचेच्या तंतूंची गादी आम्ल शोषून धरते आणि प्लेटांनाही आधार देते. ५ अँपिअर-तासाची अशी बॅटरी साधारण दोन किलोची असते.

दुसरा पर्याय लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. १९९७ मध्ये अक्षय पाढी आणि जॉन गुडइनफ यांच्या गटाने टेक्सास विद्यापीठातून या पदार्थाचा बॅटरीतला उपयोग प्रसिद्ध केला. गुडइनफ यांना पुढे २०१९ मध्ये लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ही बॅटरी वजनाने बरीच हलकी असते आणि साठ्याचा मोठा भाग बिनधास्त वापरता येतो. मात्र शून्य अंशाखालच्या थंडीत तिला चार्ज करू नये, आणि व्होल्टेज वर गेलेले तिला सोसत नाही. म्हणून आतच संरक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, असलेली घ्यावी आणि आरआर युनिट एलएफपीला चालते की नाही हे पाहून घ्यावे.

जागा निवडताना बॅटरी शक्य तितकी खाली आणि गाडीच्या मध्याजवळ असावी. एक्झॉस्टच्या नळ्यांपासून दूर ठेवावी. टू-स्ट्रोकच्या फुगीर नळ्या चांगल्याच तापतात. पत्र्याच्या पेटीत रबराची गादी घालून, वरून पट्टीने आवळून बसवावी. हाताने हलवल्यावर बॅटरी हलली, तर ती वाळूत उडी मारताना नक्कीच निसटेल.

९. वायर, फ्यूज आणि एक धोक्याची वायर

एवढीशी बॅटरीही शॉर्ट झाली तर क्षणभर शंभर अँपिअरच्या आसपास प्रवाह देऊ शकते. त्यात बारीक वायर लालभडक होते, आणि वर पेट्रोलची टाकी असते. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच हवा. फ्यूजच्या अलीकडची वायर असुरक्षित असते, म्हणून ती जितकी आखूड तितके बरे. खर्च ४ अँपिअर असेल तर १० अँपिअरचा फ्यूज योग्य. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा घालणे म्हणजे धूर दिसतो म्हणून डोळे मिटणे.

वायर किती जाड हवी याचा हिशेब सोपा आहे. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०१७५ ओहम असतो. दिव्यापर्यंत २ मीटर जाणारी आणि २ मीटर परतणारी, अशी ४ मीटर वायर म्हणजे ०.०७ ओहम. तीतून ४ अँपिअर गेले तर ०.२८ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. वायर २.५ चौरस मिलिमीटरची घेतली, तर हा खर्च ०.११ व्होल्टवर येतो. मुख्य वायर जाड, फांद्या बारीक, असे केले की वजनही वाढत नाही.

परतीचा प्रवाह बॉडीतून नेता येतो, पण क्वाडच्या बॉडीवर रंग, चिखल आणि गंज असतो. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र काळी वायर दिली, तर ‘दिवा कधी लागतो, कधी नाही’ हा त्रास टळतो. जोड पिळून टेप गुंडाळलेले नसावेत. थिंबल दाबून त्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह घालावी. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दाबून वायर कुठे ताणते, कुठे घासते हे पाहावे.

सगळ्यात जपायची वायर किल स्विचची. अशा गाडीत किल स्विच सीडीआयची वीज अर्थ करून इंजिन बंद करतो. या वायरीवर चुकून बॅटरीचे १२ व्होल्ट गेले, तर सीडीआय जळू शकते. त्यामुळे दिव्यांसाठी बसवलेला चावीचा स्विच आणि मूळ किल स्विच यांचा एकमेकांशी काहीही संबंध ठेवू नये.

बॅटरी जोडताना धन टोक आधी, ऋण टोक शेवटी. काढताना बरोबर उलट. ऋण टोक मोकळे असताना धन बाजूच्या नटावरचा पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही, एवढेच त्याचे कारण.

१०. जोडल्यावर काय पाहायचे?

मल्टिमीटर डीसीवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर लावावा. शिशाची भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास ती निम्मी उरलेली असते. एलएफपी बॅटरी बराच काळ १३ च्या आसपास स्थिर राहते, म्हणून तिचा साठा व्होल्टेजवरून ओळखणे अवघड.

इंजिन सुरू करून वेग वाढवल्यावर आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. वेग वाढूनही तो हलला नाही, तर कॉइलच्या दोन वायरींवर एसी व्होल्टेज पाहावे. तिथे वेगासोबत व्होल्टेज वाढत असेल, तर कॉइल ठीक आणि दोष आरआर युनिटमध्ये किंवा जोडांमध्ये. तिथेच व्होल्टेज नसेल, तर दोष कॉइलमध्ये. आणि आकडा १५ च्या वर जात असेल, तर इंजिन ताबडतोब बंद करावे. रेग्युलेटर काम करत नाही आणि बॅटरी उकळेल.

दहा मिनिटे दिवे लावून चालवल्यावर आरआर युनिट आणि फ्यूजचे टोक हाताने चाचपावे. पेटी गरम असणारच. पण फ्यूजचे टोक किंवा एखादा जोड तापला असेल, तर तिथे सैलपणा आहे.

११. उभ्या गाडीचा खर्च

अशी क्वाड वर्षातले बरेच दिवस उभीच असते. त्या काळात जीपीएसचा किंवा यूएसबी चार्जरचा सूक्ष्म प्रवाह बॅटरीला पोखरतो. १० मिलिअँपिअर ही नगण्य वाटणारी गळती, पण महिन्याचे ७२० तास धरले तर ७.२ अँपिअर-तास होतात. म्हणजे ५ अँपिअर-तासाची भरलेली बॅटरी तीन आठवड्यांत पार रिकामी. मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून ऋण वायरीच्या मध्ये जोडला, की गळती मोजता येते. चावी बंद असताना ती शून्याच्या जवळ असावी. नसेल तर चार्जर चावीच्या पुढे जोडावा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर ऋण टोक सोडवून ठेवावे आणि शिशाची बॅटरी महिन्यातून एकदा घरच्या चार्जरवर भरावी.

गाडीला हॉर्न आणि इंडिकेटर बसले म्हणून ती रस्त्यावर चालवण्याजोगी ठरत नाही. त्यासाठी नोंदणी आणि मंजुरीचे नियम वेगळे आहेत. बॅटरीमुळे क्वाडला मिळते ते उजेडाचे सातत्य आणि थोडी साठवण. आणि इतके करूनही एखाद्या रात्री ती साठवण संपलीच, तर दिवे विझतील. पण सोर्स कॉइल आणि सीडीआय पूर्वीसारखीच असल्याने एका किकने इंजिन पुन्हा सुरू होईल.